शेवटची पंगत

शहरातून जालना रस्त्याने शेंद्र्याकडे निघाले की वाटेत चिकलठाण्याचा विमानतळ लागतो. शेंद्रा म्हटले की एके काळी मांगीरबाबाची चैत्रातील यात्रा आठवत असे. २००१ साली तेथे स्कोडाच्या मोटारींचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ इतर कारखाने आले, २०१९ मध्ये ऑरिक या नव्या औद्योगिक नगरीचे उद्घाटन झाले. आणि आज पाळी सुटण्याच्या वेळी हा रस्ता दुचाकींनी तुडुंब भरून वाहतो. त्या दुचाकीस्वारांपैकी काही जण आमच्या धर्मग्रामातले आहेत. वैजापूर-गंगापूरकडची कोरडवाहू शेती पुरेनाशी झाली म्हणून इकडे आलेली ही माणसे. चिकलठाण्याला उतरणारी विमाने त्यांनी वर्षानुवर्षे डोक्यावरून जाताना पाहिली. विमानात बसणे ही मात्र साहेबलोकांची गोष्ट, असे त्यांच्या मनाने केव्हाच ठरवून टाकले होते.

त्यांच्यापैकीच एका गृहस्थांची कन्या मुंबईत एका विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर नोकरीला लागली, तेव्हा रविवारच्या मिस्सानंतर त्यांनी देवळाच्या ओट्यावर सर्वांना पेढे वाटले होते. पगार बेताचाच, परंतु कंपनीच्या विमानातून तिला, तिच्या आई-वडिलांना आणि अविवाहित सख्ख्या भावंडांना वर्षातून काही वेळा नाममात्र भाड्यात प्रवास करता येणार होता. ही बातमी पेढ्यांपेक्षाही गोड ठरली आणि पेढ्यांपेक्षाही लवकर पसरली.

सहा महिन्यांनी तेच गृहस्थ रात्री नऊच्या सुमारास माझ्याकडे आले. दुसरी पाळी बदलून घेऊन आले होते, म्हणजे काम निकडीचे असणार हे मी ओळखले. त्यांच्या थोरल्या भावाच्या मुलाला दिल्लीला मुलाखतीसाठी बोलावणे आले होते. रेल्वेचे तिकीट मिळत नव्हते, विमानाचे भाडे झेपणारे नव्हते. भावाने शब्द टाकला : पोरीला सांग, याचे नाव तिच्या भावंडांत घाल. आडनाव एकच. आधार कार्डावरचे मधले नाव तेवढे वेगळे. आणि मुलीने साफ नकार दिला होता.

“फादर, चुलतभाऊ म्हणजे भाऊच ना?” ते म्हणाले. “आमच्यात सख्खा-चुलत असं कधी केलं नाही. तिच्या शिक्षणाची पहिली फी याच भावानं भरली होती. अन् मी तिला म्हटलं, बाई, तिथं मधलं नाव कोण बघतंय? तर म्हणती, बघणारी मीच असते, बाबा. तुम्ही समजवा तिला. देवळात तुम्हीच सांगता की, असेल ते वाटून खावं.”

मी त्यांना चहा दिला आणि विचार करायला दोन दिवस मागून घेतले. विचार मुलीविषयी करायचा होता, की माझ्या स्वतःच्या एका जुन्या गोष्टीविषयी, हे मी त्यांना त्या वेळी सांगितले नाही.

प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे. कोणाचा जीव गेला नाही, कोणाचे घर लुटले गेले नाही. एक रिकामी खुर्ची आणि एक गरजू तरुण, एवढाच मामला. परंतु नीतिशास्त्रातील मोठे प्रश्न मला अशाच किरकोळ प्रकरणांत अधिक स्पष्ट दिसतात, कारण तेथे भावनांचा धुरळा कमी असतो. (अर्थात त्या घरात तो कमी नव्हता. दोन्ही भावांच्या बायका एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या.)

प्रथम ही सवलत म्हणजे नेमके काय, ते पाहू. विमानाचे दार बंद झाले की न विकलेल्या खुर्चीची किंमत शून्य होते. संध्याकाळी बाजार उठताना उरलेल्या मेथीच्या जुडीचे जे होते, तेच तिचे. म्हणून जगभरच्या विमान कंपन्यांनी फार पूर्वीपासून अशी पद्धत घातली आहे की, उरलेल्या जागांवर आपल्या कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या जवळच्या आप्तांना अल्प दरात बसू द्यावे. अनेक कंपन्यांचे आपसांत करारही असतात. एका कंपनीचा नोकर दुसऱ्या कंपनीच्या विमानातून, अंतरानुसार ठरलेल्या थोड्याशा भाड्यात, जाऊ शकतो. अट एकच, पण कडक. जागा उरली तर. या तिकिटाला ‘स्टँडबाय’ म्हणतात. असा प्रवासी यादीत नाव घालून विमानतळावर येऊन बसतो. पूर्ण भाडे देणारे सर्व प्रवासी आत गेले, उशिरा धावत येणारेही आत गेले, की मग काउंटरवरचा माणूस यादी हाती घेतो. यादीला क्रम असतो. कोठे नोकरीच्या ज्येष्ठतेनुसार, कोठे आधी येईल त्याप्रमाणे; स्वतः कर्मचारी बहुधा आधी आणि त्याचे आप्त मागे. नाव पुकारले तर जायचे, नाही तर पिशवी उचलून घरी किंवा दुसऱ्या विमानाची वाट पाहत तेथेच.

आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत हेच असते. आधी पाहुणे, मग वऱ्हाडी, मग वाढपी, आणि घरची माणसे शेवटच्या पंगतीला. जिलबी संपली असेल तर घरच्यांची संपते, पाहुण्यांची नाही. घरचा म्हणून मला फुकट जेवायला मिळते, आणि घरचा म्हणूनच मी शेवटी जेवतो. स्टँडबायचा प्रवासी हा शेवटच्या पंगतीचा माणूस. ही पंगत उलटी झाली की काय होते, ते २०१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील शिकागो विमानतळावर जगाने पाहिले. युनायटेड या कंपनीच्या चार कर्मचाऱ्यांना कामासाठी दुसऱ्या शहरी पोहोचवायचे होते, विमान भरले होते, आणि डेव्हिड डाओ या वयस्क डॉक्टरांना, भाडे भरून बसलेल्या प्रवाशाला, जागेवरून उठवून फरफटत बाहेर काढण्यात आले. ते कर्मचारी सवलतीवर फिरायला निघालेले नव्हते, कामावर होते, हे खरे. परंतु लोकांच्या संतापाचे कारण कोणालाही समजावून सांगावे लागले नाही. पानावर बसलेल्या पाहुण्याला उठवून घरच्यांनी जेवायचे नसते.

आता त्या गृहस्थांचा पहिला युक्तिवाद घेऊ, कारण तो दुबळा नाही. वाया जाणारी वस्तू गरजूला दिली तर चोरी कोणाची झाली? आपल्या शेतांतून कापणीनंतर सरवा वेचण्याची चाल होती. ज्वारीची राहिलेली कणसे, बोंडांत अडकलेला कापूस गोरगरिबांनी वेचावा. मालक तिकडे पाहत नसे. जुन्या करारातील धर्मशास्त्र तर याच्याही पुढे जाते. शेताचा कोपरा मुद्दाम न कापता ठेवावा, तो दरिद्री आणि परका यांचा. मवाबी रूथ बेथलेहेमच्या शेतात सरवा वेचतच आपल्या इतिहासात आली. मग विमानातील उरलेली जागा हा आजच्या काळातला सरवा नव्हे काय? आणि तो वेचायचा अधिकार गरजूला असावा, की नोकरी मिळालेल्यांच्याच घराण्याला?

मला हा प्रश्न रास्त वाटतो. कंपन्यांचा सरवा घरच्यांसाठी राखलेला असतो, गरिबांसाठी नव्हे, आणि त्यात न्यायापेक्षा सोय अधिक आहे. परंतु सरव्याचीही एक शिस्त असे. कापणी उरकल्यावर शेतात जायचे, आधी नाही. आणि वेचणाऱ्या बायकांमध्ये ज्या पुढे असतील त्यांच्या पुढ्यातले दुसरीने उचलायचे नाही. या दुसऱ्या नियमाकडे मी पुन्हा येणार आहे.

दुसरा युक्तिवाद गृहस्थांनी केला नाही, पण पुष्कळजण करतात, म्हणून त्याचाही विचार हवा. कंपनी पगार तुटपुंजा देते, रात्रपाळ्या करून घेते. मग तिकिटे हा पगाराचाच भाग, आणि माझ्या पगाराचे मी काय करावे हे सांगणारी कंपनी कोण? येथे कायद्याची साक्ष काढली तर गंमत दिसते. नोकराला मालकाकडून मिळणाऱ्या सुखसोयींची किंमत त्याच्या उत्पन्नात धरावी, असे आपला प्राप्तिकर सांगतो. परंतु १९६२ च्या नियमावलीतील तिसऱ्या नियमात प्रवासी वाहतूक करणाऱ्या संस्थांच्या नोकरांविषयी लिहिताना विमान कंपन्या आणि रेल्वे यांच्या नोकरांना तेवढे वगळले होते. म्हणजे सरकारच्या हिशेबी हा फुकट प्रवास कर बसावा असे उत्पन्नच नव्हते. खिशातला पैसा म्हणून ज्याची मोजदाद झाली नाही, तो वाटून टाकताना मात्र आपण खिशातला पैसा समजतो. शिवाय पगार कालच्या कामाचा असतो आणि तो बुडाला तर मागता येतो. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची विमाने थांबली. चिकलठाण्यालाही त्यांची विमाने येत असत. तेथील नोकरांना थकलेल्या पगारासाठी दावा सांगता आला, पण न वापरलेली तिकिटे मागायला ते कोणाकडे जाणार? विमानच नाही तर उरलेली जागा कुठली?

पगार अपुरा आहे म्हणून आपल्या हाताने भरपाई करून घेणे, ही युक्ती जुनी आहे आणि तिचा इतिहास आम्हां धर्मगुरूंना फारसा भूषणावह नाही. सतराव्या शतकात काही धर्मपंडितांनी असे मत मांडले होते की, ज्याला आपल्या श्रमांच्या मानाने वेतन कमी वाटते त्या चाकराने धन्याच्या वस्तू गुपचूप घेऊन फिटंफाट करावी. पास्कालने १६५६ मध्ये आपल्या सहाव्या पत्रात याची एक हकीकत सांगितली आहे. पॅरिसमधील जेझुइटांच्या क्लेर्मों महाविद्यालयातील जाँ द आल्बा नावाच्या चाकराने कथलाची काही ताटे लांबवली. पकडला गेल्यावर १६४७ साली न्यायालयात त्याने बचाव काय केला? ही चोरी नव्हे, तुमच्याच एका फादरांच्या ग्रंथात याची मुभा दिलेली आहे! १६७९ साली अकरावे इनोसंट या परमगुरूंनी जी पासष्ट मते त्याज्य ठरवली, त्यांत हे मत आले. त्याच यादीत आणखी एक मत होते, आणि ते माझ्या गोष्टीशी संबंधित आहे. तोंडाने एक बोलावे, मनात दुसरा अर्थ राखून ठेवावा आणि त्याला असत्य म्हणू नये, असे ते मत.

कोणी म्हणेल, फादर, पण शुभवर्तमानातला तो कारभारी? संत लूकच्या सोळाव्या अध्यायात, नोकरीवरून काढले जाणार हे कळताच धन्याच्या ऋणकोंना बोलावून त्यांचे कर्जरोखे कमी करून देणारा. आणि धनी त्याची चक्क वाहवा करतो. दुसऱ्याच्या मालावर दानशूर झालेल्या माणसाची ही प्रशंसा आम्हांला सेमिनरीतही छळत असे. मला आता इतकेच वाटते की, त्या गोष्टीत वाहवा झाली ती हुशारीची. आणि दुसरे असे की, तेथे झळ बसली ती एकट्या धन्याला. त्याचे तेल, त्याचे गहू. तो हसला तर आपण कोण बोलणार? अगदी टोकाच्या गरजेत तर संत थोमास याहूनही पुढे जातात. माणूस मरणाच्या दारी असेल आणि दुसरा उपायच नसेल तर जगातील वस्तू सर्वांच्या होतात, मग दुसऱ्याच्या मालातून दिलेले दानही गैर ठरत नाही, असे ते लिहितात. पण स्टँडबायची गंमत अशी की, टोकाच्या गरजेत ते तिकीट कुचकामाचे असते. बाप शेवटच्या घटका मोजतो आहे अशा मुलाला ‘जागा उरली तर’ हे सांगून काय उपयोग? मुलाखतीची तारीख ठरलेल्या पुतण्यालाही तेच लागू होते. मुलीने हे आपल्या काकांना सांगून पाहिले होते. त्यांना ती सबब वाटली.

आता माझी गोष्ट.

नव्वदच्या दशकात मी पुण्यात ईशज्ञान शिकत होतो. आमच्या वर्गातील एका मित्राची कलकत्त्याकडे गुरुदीक्षा होती आणि रेल्वेने दोन रात्री घालवण्याइतकी सुट्टी मला नव्हती. माझ्या ओळखीचा वसईचा एक तरुण मुंबईला विमान कंपनीत होता. त्याच्या कंपनीत भावाला सवलत मिळे. आमचे आडनाव एक. वसईत एका आडनावाची शंभर घरे सापडतील. त्याने यादीत माझे नाव घातले. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगे वाटले नाही, उलट देवाच्या कामाला हातभार लागला म्हणून तो खूश होता.

मुंबईला काउंटरवरच्या बाईंनी कागद पाहून विचारले, “तुम्ही त्यांचे ब्रदर?” मी म्हणालो, “हो. ब्रदर.” धर्मगुरू होण्यापूर्वी आम्हां सेमिनरीतल्या मुलांना सारे जग ‘ब्रदर’च म्हणते. शब्द शंभर टक्के खरा होता. आदल्याच सत्रात मी १६७९ च्या त्या यादीवर परीक्षेत पान-दीड पान लिहिले होते आणि गुणही बरे मिळाले होते.

वाट पाहायच्या खुर्च्यांवर माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. नऊवारी, पायात रबरी चपला, मांडीवर स्टीलचा डबा. त्यांचा मुलगा त्याच कंपनीत विमानात सामान चढवायच्या कामावर होता. जावई लष्करात, नेमणूक कलकत्त्याजवळ, आणि लेक बाळंतपणाच्या दिवसांत आलेली. आदल्या दिवशीही त्या आल्या होत्या, जागा उरली नाही म्हणून परत गेल्या. डब्यात डिंकाचे लाडू होते. “खा रे बाबा,” म्हणून त्यांनी मला एक दिला. मी खाल्ला.

त्या दिवशी एकच जागा उरली. यादीत त्यांच्या मुलाच्या नोकरीपेक्षा माझ्या ‘भावा’ची नोकरी दोन वर्षांनी जुनी होती, म्हणून माझे नाव आधी पुकारले गेले. आजींनी उठून माझी पिशवी माझ्या हातात दिली. काउंटरवरच्या बाई त्यांना म्हणाल्या, “आजी, आता उद्या.” मी काहीही बोललो नाही. एक वाक्य पुरे झाले असते. विमानात मला खिडकीची जागा मिळाली.

तोवर माझी समजूत अशी होती की, माझे लहानसे असत्य एका मोठ्या कंपनीशी आहे, आणि मोठ्या कंपनीला त्याने काही होत नाही. ती समजूत चुकीची होती. कंपनीला खरोखरच काही झाले नाही. जागा कोणीतरी घेणारच होते; कंपनीच्या हिशेबी माझी पाठ काय आणि आजींची काय, सारखीच. मी जे घेतले ते कंपनीचे नव्हतेच. शेवटच्या पंगतीत घरचा म्हणून खोटा बसलेला माणूस यजमानाचे अन्न खात नाही, त्याच्यामागे उभ्या असलेल्या घरच्या माणसाचे खातो. सरवा वेचताना पुढच्या बाईच्या पुढ्यातले उचलू नये, तो हाच नियम.

पुढे पापनिवेदनात मी हे सांगितले. वृद्ध पापनिवेदक धर्मगुरूंनी विचारले, “परतफेड कोणाला करणार?” मी म्हटले, कंपनीला भाडे भरीन. ते म्हणाले, “भरावेसे वाटले तर भर. पण त्या बाईला काय देशील?” शेवटी त्यांनी पूर्ण भाड्याइतकी रक्कम बाळंतिणींच्या मदतीसाठी द्यायला सांगितले. गुरुदीक्षेनंतर मिस्साच्या दक्षिणेतून ती फिटायला मला तीन वर्षे लागली. ज्याने मला तिकीट दिले त्याला मी यातले काही कळवले नाही. त्याने औदार्यच दाखवले होते, आणि ते औदार्य खरे होते. फक्त त्याची किंमत त्याच्या खिशातून गेली नाही, त्याला न दिसलेल्या कोणाच्या तरी डब्यातून गेली. प्रेमाने दिलेल्या अशा देणग्यांत हीच अडचण असते. घेणारा समोर दिसतो, त्याचा चेहरा, त्याची निकड, त्याचे आपल्यावरचे उपकार, सारे दिसते. ज्याचे जाते तो यादीत खालच्या ओळीवर असतो.

या प्रकरणात मी केवळ परीक्षकाच्या खुर्चीत बसू शकत नाही, याचे आणखी एक कारण आहे. दर मे-जूनमध्ये धर्मग्रामाच्या कार्यालयात शाळाप्रवेशाच्या चिठ्ठ्यांसाठी रीघ लागते. “फादर, एवढं लिहून द्या की आम्ही याच धर्मग्रामातले.” काही खरोखरीचे असतात, काही केवळ नाताळला दिसतात, काहींचा पत्ता चुलत्याचा असतो. मी मऊ मनाचा माणूस आहे, निदान तशी माझी ख्याती आहे. एका वर्षी मी अशाच एका कुटुंबाला चिठ्ठी दिली. वडिलांनी देवळाच्या रंगकामात मदत केली होती. तो मुलगा आत गेला. चाळीस मुलांच्या वर्गात एकेचाळिसावा कोण होता, हे मी विचारले नाही. विमानाच्या तिकिटांचा प्रश्न माझ्यापुढे येईपर्यंत त्या चिठ्ठीला आणि माझ्या ‘ब्रदर’ या उत्तराला मी कधी शेजारीशेजारी ठेवून पाहिलेही नव्हते. आपल्या समाजात ओळखीने कामे होतात आणि ओळख हीच गरिबाची पुंजी आहे, असे आपण म्हणतो. ते खोटे नाही. साहेबाच्या मुलाला चिठ्ठी लागत नाही. पण गरिबाची ओळख बहुधा दुसऱ्या गरिबाच्याच पुढे नेऊन उभी करते, कारण साहेबाचा मुलगा त्या रांगेत नसतोच. जसे पूर्ण भाडे भरणारे त्या शेवटच्या यादीत नसतात.

म्हणून मुलीला समजावण्याचे काम मी घेतले नाही. ठरल्याप्रमाणे दोन दिवसांनी गृहस्थ आले, तेव्हा मी त्यांना माझी गोष्ट सांगितली, लाडवासकट. नियमांचे, १६७९ चे काही सांगितले नाही. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “पण भाऊ बोलत नाही, त्याचं काय करू? त्यानं फी भरली होती.”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. उपकाराचे ऋण खरे असते आणि ते फेडावे लागते. मी इतकेच विचारले की, ऋण तुमचे आहे, मग ते मुलीच्या काउंटरवरून का फेडायचे? त्यांच्यापाशी पैसे होते का? थोडे होते, दिवाळीच्या बोनसमधले. विमानाचे नाही, पण रेल्वेच्या वातानुकूलित डब्याचे तिकीट निघेल इतके. त्यांनी मान हलवली. पटले म्हणून की थकले म्हणून, ते मला कळले नाही. दुचाकीवर बसताना त्यांनी हेल्मेट हातातच धरून विचारले, “फादर, त्या आजी पोचल्या का मग दुसऱ्या दिवशी?”

“ठाऊक नाही,” मी म्हणालो. “मी कधी चौकशीच केली नाही.”

पुतण्या सचखंड एक्सप्रेसने गेला. तिकीट प्रतीक्षायादीत होते. निघायच्या दिवशी ते आर.ए.सी. पर्यंत वर सरकले. म्हणजे दाराजवळचा बाजूचा खालचा बाक, दोघांत एक. भुसावळच्या पुढे रात्रभर तो आणि अमृतसरला निघालेले एक सरदारजी पाय आखडून समोरासमोर बसून गेले, असे त्याने परतल्यावर सांगितले. मुलाखतीचा निकाल अजून लागलेला नाही. थोरल्या भावाने रेल्वेचे पैसे घेतले, पण बोलणे अद्याप सुरू केलेले नाही. आणि मुलीच्या आईने मागच्या आठवड्यात मला सांगितले की, पुढच्या महिन्यात त्या दोघी चिकलठाण्याहून मुंबईचे विमान धरणार आहेत. जागा उरली तर. दोन दिवसांची भाकरी बांधून घेते आहे, म्हणाल्या.